तेलंगांचा बखर-विचार : एका विधिज्ञाची साक्षपरीक्षा

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–१८९३) यांचा इतिहासलेखक म्हणून परामर्श क्वचितच घेतला जातो. गीतेचे इंग्रजी भाषांतरकार (१८८२), मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश (१८८९), राष्ट्रसभेच्या पहिल्या पिढीतील पुढारी, या ख्यातीखाली त्यांचा बखरींवरील निबंध झाकला गेला. रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथास (१९००) जोडून तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तेलंगांच्या निधनास सात वर्षे लोटली होती.

निबंधाचा प्रश्न वरकरणी ऐतिहासिक, पण मुळात विधिज्ञाचा आहे : मराठी राज्यसत्ता धर्माचारांत हात घालीत होती काय? शिवाजी महाराजांचे मौंजीबंधन, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या विधवा कन्येच्या पुनर्विवाहाचा विचार, अशी उदाहरणे ते पूर्वनिर्णय म्हणून मांडतात. संमतिवयाच्या कायद्याचे (१८९१) समर्थन करणाऱ्या पुढाऱ्याला अशा दाखल्यांची गरज होती, हे विसरून हा निबंध वाचता येत नाही. वकील पुरावा शोधतो तो बाजू ठरवून. तो पक्षपात येथेही आहे.

तथापि एवढ्यावरून निबंध निकालात काढणे अन्यायाचे होईल. राजवाड्यांनी साधनांच्या पहिल्या खंडात (१८९८) बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आघात केला, आणि घटना व तिथी यांपुरता तो रास्तच होता. पण तेलंग बखरकाराला तिथी विचारीतच नाहीत. तिथी चुकणारा साक्षीदारही आपल्या काळी काय रूढ व काय निषिद्ध होते, हे नकळत सांगून जातो. काव्येतिहाससंग्रहाने १८७८ पासून उजेडात आणलेल्या बखरींचा असा उपयोग करणे ही साधी सूझ नव्हे.

खरी उणीव भाषेची आहे. ‘ग्रामण्य’ हाच शब्द घ्यावा. जातीचा अथवा आचाराचा वाद, त्यात पडणारे तट, तो चालविण्याची रीत, हे सारे त्यात सामावते. इंग्रजीत त्याला एक प्रतिशब्द नाही. जो कोणता योजावा, त्यात तंटा उरतो आणि रीत गळते. राज्यसत्ता नेमकी कोठे शिरली, हे तर त्या रीतीतच दडलेले असते! मराठी साधनांवरील विवेचन मराठीतच झाले असते, तर तेलंगांचा युक्तिवाद अधिक बळकट झाला असता.

तेलंग निवर्तले त्याच वर्षी, १८९३ साली, ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. वर्तकनगरच्या विद्यार्थ्याला ते फार दूर नाही. निबंधातील प्रत्येक दाखला मूळ बखरीतील शब्दांशी ताडून पाहण्याचे काम त्याने अवश्य हाती घ्यावे.