‘संमति’ या शब्दाची कसोटी : देसाईगंज खटल्याच्या निकालपत्राची छाननी

निकालपत्र हें इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. महजर, निवाडपत्रें व करीणे यांवरूनच महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास पुष्कळ अंशीं उभा राहिला आहे. परंतु दोनशें वर्षांपूर्वींच्या निवाडपत्रास आपण जे प्रश्न विचारतों, ते अलीकडच्या निकालपत्रास विचारण्याचें आपण बहुधा टाळतों. सर्वोच्च न्यायालयानें १५ सप्टेंबर १९७८ रोजीं ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यांत दिलेला निकाल अशा परीक्षणास सर्वथा योग्य कागद आहे. कायदेपंडितांनीं त्याची चर्चा विपुल केली आहे. आम्ही तो येथें केवळ पुरावा तोलण्याच्या दृष्टीनें पाहणार आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. देसाईगंज हें गांव तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. १९८२ पासून तें गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. आईबापांवेगळी, मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी एक मुलगी एका तरुणाशीं लग्न करूं इच्छीत होती. तिला पळवून नेल्याची फिर्याद भावानें दिल्यावरून २६ मार्च १९७२ च्या रात्रीं सर्वांस ठाण्यांत आणून जबान्या घेण्यांत आल्या. साडेदहाच्या सुमारास मंडळी परत निघालीं, तेव्हां त्या मुलीस मात्र आंत ठेवून घेण्यांत आलें. दार लागलें, दिवे मालवले, बाहेर जमाव जमला. बाहेर आल्यावर तिनें सांगितलें कीं, शिपाई गणपत यानें आपल्यावर बलात्कार केला आणि हवालदार तुकाराम यानें अतिप्रसंग केला. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां, म्हणजे सुमारें वीस तासांनीं झाली. अंगावर जखम आढळली नाहीं. पूर्वीं शरीरसंबंध झाल्याचीं चिन्हें आढळलीं. वय चौदा ते सोळा असावें असें मत पडलें. मुलीचें नांव पुढें या खटल्यासच चिकटलें. आम्ही तें येथें घालीत नाहीं.

एकाच पुराव्यावरून तीन न्यायालयांनीं तीन निर्णय दिले. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानें १ जून १९७४ रोजीं संबंध झाल्याचें मान्य केलें, पण तो राजीखुषीचा ठरविला आणि मुलगी खोटें बोलणारी आहे असें म्हटलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं हा निर्णय फिरवून गणपतास पांच वर्षांची व तुकारामास एक वर्षाची शिक्षा दिली. भयानें शरीर स्वाधीन करणें आणि स्वेच्छेनें संमति देणें या दोन गोष्टी एक नव्हेत, असा त्याचा मथितार्थ होता. न्या. जसवंतसिंग, कैलासम् व कोशल यांच्या पीठानें शेवटीं दोघांसही निर्दोष सोडलें.

आतां सर्वोच्च न्यायालयाची अनुमानपरंपरा पाहूं. मुलगी म्हणते कीं आपण विरोध केला. अंगावर जखम नाहीं. सबब विरोधाची गोष्ट खोटी. सबब संबंध शांतपणें झाला. सबब संमति होती. यांतील पहिली पायरीच कच्ची आहे, कारण विरोधाची खूण शरीरावर उमटतेच असा नियम नाहीं. पण क्षणभर ती मानली, तरी पुढची पायरी तिच्यावर उभी राहत नाहीं. एक विधान अतिशयोक्त ठरलें म्हणजे त्याच्या उलट विधान सिद्ध झालें असें होत नाहीं. बखरींतील सैन्याचा आंकडा फुगविलेला आढळला म्हणून लढाई झालीच नाहीं, असें आपण म्हणत नाहीं. विरोध सिद्ध न होणें ही एक गोष्ट आणि संमति सिद्ध होणें ही दुसरी. या दोहोंमधली जागा भय, दरारा व निरुपाय यांनीं व्यापलेली असते, आणि या खटल्याचें मर्म नेमकें त्या जागेंतच आहे.

भयाविषयीं न्यायालयानें असें म्हटलें कीं, गणपतानें हात धरला तेव्हां भाऊ वगैरे मंडळी जवळच होतीं. मुलीनें त्यांस हांक मारावयाची होती. येथें स्थळाचा विचार सुटला आहे. स्थळ पोलीस ठाणें, वेळ रात्रीची, हात धरणारा सरकारी अंमलदार, आणि ज्यास हांक मारावयाची तो भाऊ स्वतः मजूर व त्याच ठाण्यांतला फिर्यादी. जुन्या कागदांत ‘राजीनामा’ म्हणजे राजीखुषीचें पत्र. असा राजीनामा एकाद्या रयतेकडून चौकीवर अडकवून लिहून घेतला आहे असें दिसतांच संशोधक त्यास राजीखुषीचा पुरावा मानीत नाहीं. खालीं निशाणी खरी असली तरी मानीत नाहीं. कोणाच्या ताब्यांत असतांना हें झालें, हा आपला पहिला प्रश्न असतो. निकालपत्रांत त्यास जें महत्त्व मिळावयास हवें होतें तें मिळालें नाहीं. आश्चर्य हें कीं, त्याच न्यायालयानें अवघ्या पांच महिन्यांपूर्वीं नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणांत स्त्रियांस ठाण्यावर बोलावण्याबद्दल स्पष्ट नापसंती दर्शविली होती.

तिसरा मुद्दा पूर्वचरित्राचा. पूर्वीं शरीरसंबंध झाला होता, एवढेंच वैद्यकीय दाखला सांगतो. त्या रात्रीं काय घडलें याविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. कागद ज्या गोष्टीचा साक्षी आहे तेवढ्यापुरताच तो घ्यावा, हा आपला पहिला धडा. सत्र न्यायालयानें तो दाखला मुलीच्या सत्यवचनीपणावरच लावला. जणूं एकास दिलेली संमति सर्वांस दिलेली होते!

आरोपीची बाजूही मांडली पाहिजे. संशयाचा फायदा आरोपीस मिळावा हें तत्त्व मोलाचें आहे आणि आम्हांस तें सोडावयाचें नाहीं. तुकारामाविषयीं मुलीच्या प्रथम फिर्यादींत व न्यायालयांतील जबानींत फरक पडला होता. त्याच्या सुटकेस कांहीं आधार होता असें म्हणतां येईल. परंतु संशय पुराव्यांतून निघावा लागतो. ‘भली मुलगी ओरडली असती, झगडली असती’ या पूर्वग्रहांतून निघालेल्या संशयास न्यायबुद्धि म्हणतां येत नाहीं.

हा पूर्वग्रह एकट्या न्यायाधीशांचा नव्हता. निकालानंतर एक वर्ष लोकांत त्याची फारशी वाच्यताही झाली नाहीं. १६ सप्टेंबर १९७९ रोजीं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें, तेव्हां १९८० सालीं मुंबई-दिल्लीकडे स्त्रियांचे मोर्चे निघाले. तोंवर समाज स्वस्थ होता, कारण निकालांतील तर्क त्याच्याच ओट्यावरचा होता : ती गेलीच कां? ओरडली कां नाहीं? आधीं तरी चांगली होती काय?

येथें एक तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. रांझें गांवच्या पाटलास शिवाजी महाराजांनीं दिलेल्या शासनाचें १६४६ चें पत्र आपण अभिमानानें सांगतों. त्या पत्रांत अपराधास ‘बदअमल’ एवढाच शब्द आहे. त्या एका शब्दावरून स्त्रीवरील अत्याचार असा अर्थ लोक निःशंकपणें घेत आले. जखमेचा दाखला कोणी मागितला नाहीं, त्या स्त्रीचें पूर्वचरित्र कोणी विचारलें नाहीं. परंतु देसाईगंजच्या मजूर मुलीची शपथेवरची जबानी समोर असतां तेच लोक शंका काढीत बसले. तीनशें वर्षांपूर्वींच्या अनाम स्त्रीवर विश्वास ठेवण्यास कांहीं किंमत पडत नाहीं. शेजारच्या स्त्रीवर ठेवावयाचा तर ओळखीच्या माणसास दोष द्यावा लागतो. आपल्या न्यायप्रीतीची खरी परीक्षा तेथें होते.

कायदा पुढें बदलला. १९८३ च्या दुरुस्तीनें, पोलिसांच्या किंवा तत्सम ताब्यांत संबंध सिद्ध झाला व स्त्रीनें न्यायालयांत संमति नाकारली, तर संमति नव्हती असें गृहीत धरावयाचें ठरलें. पीडितेचें नांव छापण्यासही बंदी झाली. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून साक्ष पाडण्याची १८७२ च्या पुरावा-कायद्यांतील मुभा २००२ च्या दुरुस्ति-कायद्यानें गेली. २०१३ सालीं संमतीची व्याख्या झाली आणि केवळ प्रतिकार केला नाहीं म्हणून संमति समजूं नये, हें स्पष्ट लिहिलें गेलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तें कायम आहे. मात्र त्या दोघांची सुटका तशीच राहिली. जिच्या निमित्तानें हें सर्व झालें, तिला यांतील कांहींच मिळालें नाहीं. ‘त्या खटल्यानें कायदा सुधारला’ असें लिहून समाधान मानणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

कायद्याचें कलम एका ठरावानें बदलतें. पुरावा तोलण्याची संवय तशी बदलत नाहीं. आजही अशी फिर्याद कानीं आली कीं ओट्यावर तेच तीन प्रश्न ऐकूं येतात. फिर्याद खरी कीं खोटी हें ठरविण्यास साधनें लागतात, आणि तीं हातीं येईपर्यंत निर्णय थांबविणें हें कोणाही विचारी माणसास शोभतें. परंतु साधनांच्या जागीं पूर्वग्रह बसवून त्यास सावधगिरी म्हणणें, ही अशास्त्रीय रीत आहे. ती जुन्या कागदांच्या वाचनांत आपण चालवून घेत नाहीं, तर जिवंत माणसाच्या बाबतींत तरी कां चालवावी?