तेरावे पान काय सांगते?

पिंजऱ्यातून पोपट बाहेर येतो, चोचीने एक पाकीट ओढतो आणि ज्योतिषी त्यातला मजकूर वाचून दाखवतो. पुण्याच्या रस्त्याकडेचे हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. टॅरोच्या पानांचा सल्ला त्याहून महाग असतो. एवढ्यावरून तो अधिक विश्वासार्ह ठरतो का, हे एका पानावरून तपासू.

टॅरोच्या ७८ पानांपैकी २२ चित्रपाने विशेष मानली जातात. त्यांतले तेरावे पान ‘मृत्यू’. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या प्रसिद्ध संचासाठी ते पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढले. काळे चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून येत आहे. राजा खाली कोसळला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने मान फिरवली आहे. दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. मृत्यूपुढे सारे सारखेच, हे चित्र किती थोडक्यात सांगते! चित्र म्हणून त्याबद्दल आमची तक्रार नाही.

मुळात ही पाने खेळायची. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यांचा डाव रंगत असे. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडल्याचे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडू लागली १८२२ मध्ये. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांतही १२० पानांवर दशावतार आहेत, पण तो खेळ आणि कला म्हणूनच ओळखला जातो. चित्रात प्रतीके असली म्हणजे त्यात भविष्यही असते, असे नाही.

हे पान निघाले की सांगणारा धीर देतो, ‘घाबरू नका, याचा अर्थ बदल.’ नोकरी लागली तरी बदल, सुटली तरी बदल. सूर्य उगवता मानला तर आशा, मावळता मानला तर अखेर. अनेक अर्थ सामावणे हा चित्राचा गुण आहे. भाकिताचा मात्र तोच दोष ठरतो. जे विधान चुकूच शकत नाही, ते बरोबर आले याला काय महत्त्व?

चुकण्याची संधी कशी द्यायची, हे पुण्यातच एका प्रयोगाने दाखवले आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुले यांच्या जन्मपत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी सुमारे ५० टक्के आली असती. या चाचणीत अर्थ ताणायला जागाच नव्हती.

वर्गात टॅरोचीही अशी परीक्षा घेता येईल. सोमवारी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पान काढा, पण दाखवू नका. पुढच्या सोमवारी त्या पानाचा पुस्तकातला अर्थ इतर चार अर्थांत मिसळून द्या आणि विचारा, ‘तुझा गेला आठवडा यांपैकी कोणत्या वर्णनाशी जुळतो?’ ४० विद्यार्थ्यांत ८ उत्तरे नुसत्या योगायोगानेही जुळतील. किती जुळली तर पानांना काही कळते असे मानायचे, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवा.

दहावी-बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हेही पानांना विचारले जाते. तिथे एका मुलाची वा मुलीची पुढची वर्षे पणाला लागतात. अशा वेळी पान काय म्हणते याआधी एक प्रश्न विचारायची सवय विद्यार्थ्यांना लावू या: ‘काय घडले, तर हे चुकले असे तुम्ही मान्य कराल?’