‘फाउंडेशन’वर आमच्या मंडळात झालेली चर्चा

आमच्या वाचक मंडळात आजवर चरित्रे आणि प्रवासवर्णनेच झाली. या खेपेस एका सभासदाच्या नातवाने गळ घातली म्हणून आयझॅक आसिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ ही कादंबरी घेतली. लेखक आपल्यातलाच, म्हणजे यहुदी. रशियातल्या पेत्रोविची गावी जन्मला, १९२३ साली तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आला, आणि ब्रुकलिनला बापाच्या मिठाईच्या दुकानात विकायला येणारी मासिके वाचत वाढला. या गोष्टी १९४२पासून मासिकात येत गेल्या. पुस्तक झाले १९५१ला.

कथा अशी. बारा हजार वर्षांचे आकाशगंगेचे साम्राज्य मोडकळीस आले आहे. हॅरी सेल्डन हा गणिती सांगतो, पुढे तीस हजार वर्षे अंधार आहे. तो एक हजारावर आणता येईल. त्यासाठी तो विद्वानांना कुटुंबांसह टर्मिनस नावाच्या दूरच्या ग्रहावर धाडतो. काम सांगतो ज्ञानकोश रचण्याचे.

तारायुद्धांचे सिनेमे पाहिलेले आमचे एक सभासद फार हिरमुसले. लढाया पडद्यामागे, आणि पुढे नुसती माणसे बसून बोलतात. तक्रार खरी आहे. पण आम्हांला ती बोलणीच आवडली. लॉर्ड डॉर्विन नावाचा एक दरबारी पंडित येतो. मानवजात मूळची कोणत्या ग्रहावरची, याचा त्याला शोध घ्यायचा आहे. पण तो जागेवर जात नाही; जुन्या ग्रंथकारांची मते एकमेकांशी ताडून पाहतो, आणि यालाच संशोधन म्हणतो. हे वाचताना मंडळात हशा पिकला, मग एकदम शांतता झाली. आपण बेने इस्राएल कोठले, आपल्याशी सोयरीक चालेल की नाही, हेही असेच पोथ्या चाळून ठरवले जात होते. त्यासाठी आपल्या लोकांना १९६४ साली जेरुसलेमला धरणे धरावे लागले, तेव्हा कोठे गाडे हलले.

खरा वाद पेटला तो धर्मावरून. टर्मिनसचे लोक शेजारच्या राज्यांना अणुशक्ती देतात, पण पूजाविधीच्या रूपात. तिथले पुजारी यंत्रे चालवतात, त्यांतले शास्त्र त्यांना कळत नाही. एका बाईंना ही सरळ थट्टा वाटली. दुसरे म्हणाले, आपल्या पूर्वजांनाही शमाचा अर्थ कुठे कळत होता? आमच्या मते आसिमोव्ह इथेच तोकडा पडतो. न कळता पाळलेली रीत म्हणजे त्याला फक्त कोणीतरी फिरवायची कळ वाटते. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, अशी आपली परंपरा सांगते. ज्ञानकोश नाही, गणित नाही. शमा, सुंता, शनिवार आणि मासे तेवढे राहिले. दावीद राहाबीने पारख केली तीसुद्धा बायकांपुढे माशांची पाटी ठेवून. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, आणि आपण कोण ते ठरले.

या कादंबरीत ती पाटीच नाही. ठसठशीत म्हणावी अशी एकच बाई, कोरेलच्या सत्ताधीशाची कजाग बायको. शेवटच्या भागात मॅलो हा व्यापारी स्वयंपाकघरापर्यंत पोचतो खरा, पण तो घरातली अणुयंत्रे बंद पडल्यावर बायका कुरकुरतील, एवढ्याच हिशेबाने! सेल्डनचे शास्त्र प्रचंड लोकसंख्येलाच लागू पडते, असे लेखक स्वतः सांगतो. चौदा माणसे त्याच्या गणितात कशी बसावीत? आमच्यातल्या एका निवृत्त हिशेबनीसांनी हे बरोबर पकडले. दुसऱ्या खंडात ‘म्यूल’ हा एकटा माणूस सारी योजना उधळतो, म्हणजे ही फट लेखकाच्याही ध्यानात होती. पण म्यूल अद्भुत शक्तीचा. चूल सांभाळणारी साधी बाई नव्हे.

भाषा सोपी आहे, वर्णने कोरडी. व्यापाऱ्यांचे प्रकरण लांबले आहे, तेथे पाने उलटलीत तरी चालेल. डॉर्विनचे प्रकरण मात्र चष्मा पुसून वाचावे. बारीक टाइप सोसत नसेल तर नातवंडांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आमच्या दोघा सभासदांनी तसेच केले, आणि वादात सर्वांत जास्त बोलले तेच.