आठ प्रश्न, पाच गुण आणि माझे काका

या वेळी एखादा नवा शोधनिबंध समजावून सांगणार नाही. एका जुन्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या फॉर्मबद्दल लिहिणार आहे. फॉर्म एका पानाचा आहे, त्यात आठ प्रश्न आहेत, आणि तो भरायला तीन मिनिटं लागतात. माझी तक्रार त्या पानाबद्दल आहे, पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे तक्रार कुठून आली ते कळेल.

माझं मूळ गाव खामगाव. पीएचडी झोपेवर आहे, आणि आठवड्यातल्या काही रात्री मी एका संशोधन रुग्णालयात स्लीप टेक्निशियन म्हणून बसते. काम काय असतं? रात्री नऊच्या सुमारास पेशंट येतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं माप घ्यायचं, खुणा करायच्या, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे. डोक्याला तेल असेल तर ते चिकटत नाहीत, म्हणून आधीच बजावलेलं असतं, तरी आपली माणसं तेल लावून येतातच. मग डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पायांवर तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात हवा मोजणारी नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. नंतर मी शेजारच्या खोलीतून माइकवर सांगते: डोळे मिटा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात चावा, घोरल्यासारखा आवाज काढा. सगळ्या रेषा नीट हलल्या की दिवा बंद.

त्यानंतर स्क्रीनवर तीस-तीस सेकंदांची पानं सरकत राहतात. आठ तासांची ९६० पानं. तीसच सेकंद का? पूर्वी हे सगळं कागदावर उमटायचं. सेकंदाला एक सेंटीमीटर वेगानं कागद सरकवला की तीस सेंटीमीटरच्या पानावर तीस सेकंद मावायचे. रेचशाफेन आणि केल्स यांच्या १९६८ च्या नियमावलीनंतर ही सवय पक्की झाली. कागद गेला, तीस सेकंद राहिले. मापं अशीच टिकतात, हे लक्षात ठेवा.

सकाळी या सगळ्याचा एक आकडा निघतो: एएचआय. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच कमी झाला, तो हा आकडा. थांबा किमान दहा सेकंदांचा असेल तरच मोजायचा. पाचच्या खाली ठीक, पाच ते पंधरा सौम्य, तीस आणि वर म्हणजे गंभीर. पण या रात्रीपर्यंत पेशंट पोचतो कसा? बहुतेक ठिकाणी आधी तो आठ प्रश्नांचा फॉर्म असतो, एपवर्थ स्लीपिनेस स्केल.

आता काकांकडे येऊ. काका छोटा हत्ती चालवतात. हंगामात कापूस, सरकी, एरवी जे मिळेल ते. घोरणं असं की उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की शेजारच्या गच्चीवरून आवाज यायचा, “अरे त्याले कुशीवर करा!” काकू सांगायची की मधेच श्वास बंद होतो आणि मग दचकून सुरू होतो. गावात एक तपासणी शिबिर लागलं तेव्हा मीच काकांना घेऊन गेले. फॉर्म इंग्रजीत होता. मी वाचत गेले, ते बोलत गेले, मी आकडे लिहित गेले. शून्य म्हणजे डुलकी कधीच लागत नाही, तीन म्हणजे हमखास लागते.

वाचताना? काका वाचत नाहीत. शून्य. टीव्ही बघताना? “ते तर सगळेच झोपतात.” दोन. नाटक-सिनेमा किंवा मीटिंगमध्ये? “मी कुठं मीटिंगले जातो?” शून्य. कारमध्ये तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर? “गाडीत बसतो तं मीच चालवतो.” शून्य. दुपारी आडवं पडल्यावर? तीन. बोलता बोलता? शून्य. जेवणानंतर, दारू न घेता, शांत बसल्यावर? इथं काका रागावले. “मी पेत नाही, लिही तसं!” आणि जेवल्यावर शांत बसायचं कुठं, माल उतरवायचा असतो. शून्य. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबलेली असताना? शून्य.

बेरीज पाच. दहापर्यंत सामान्य समजतात. शिबिरातल्या माणसानं फॉर्म गठ्ठ्यात ठेवला आणि आम्ही घरी आलो. पुढच्या हिवाळ्यात पहाटे नांदुऱ्याहून परत येताना हायवेवर काकांची गाडी रस्ता सोडून खाली उतरली. समोर कोणी नव्हतं, झाड नव्हतं, एक खांद्याचं हाड मोडलं. “डोळा लागला” एवढंच म्हणाले. नंतर तपासणी झाली तेव्हा एएचआय निघाला ३८, म्हणजे सरासरी दर दीड-पावणेदोन मिनिटांना एकदा श्वास अडकत होता.

तो पाच हा आकडा मी परत परत तपासला. त्यातली सहा शून्यं बघा. एक “बोलता बोलता” सोडलं तर बाकी पाच शून्यांचा अर्थ “झोप येत नाही” असा नाहीच. “असा प्रसंग माझ्या आयुष्यात येत नाही” असा आहे. फॉर्मला या दोन्हींतला फरक कळत नाही, दोन्हींचं शून्यच होतं.

न्यायानं बोलायचं तर फॉर्म बनवणाऱ्या मरे जॉन्स यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. वरती सूचनाच आहे: अलीकडे हे केलं नसेल तरी काय झालं असतं याचा अंदाज करा. पण जे कधीच केलं नाही त्याचा अंदाज कसा करणार? जॉन्स यांनी १९९१ मध्ये मेलबर्नमध्ये १८० प्रौढांवर ही मोजपट्टी मांडली, त्यात ३० निरोगी आणि १५० झोपेचे पेशंट होते. त्या माणसांच्या दिवसात पुस्तक, कार, मीटिंग, जेवणाबरोबर वाइन हे सगळं होतं. त्यांच्यासाठी प्रश्न नेमके होते. “थकवा येतो का?” असं मोघम न विचारता ठरावीक प्रसंग विचारायचे, ही कल्पना खरंच हुशारीची आहे. अडचण अशी की प्रसंग ठरावीक केले की त्यासोबत माणूसही ठरावीक होतो.

दुसरी गोष्ट, जी मला फॉर्म भरताना कळायला हवी होती. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, तो “मला गाडीत झोप येते” हे कोणी लिहून घेत असताना का सांगेल?

आता म्हणाल, एका काकावरून एवढं? बरं, मोठा आकडा घेऊ. मुंबईतल्या पुरुषांवर डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास आपल्याकडचा पायाचा अभ्यास मानला जातो. आरोग्य तपासणीला आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष, त्यातल्या २५० जणांची घरी रात्रभर तपासणी. अंदाज असा निघाला: एएचआय पाच किंवा जास्त असलेले १९.५ टक्के, आणि त्याबरोबर दिवसा अति झोप येणारे ७.५ टक्के. बातम्यांत आणि भाषणांत बऱ्याचदा दुसरा आकडा येतो, कारण त्यालाच “आजार” म्हणायचं असं ठरलं आहे.

एकोणीसवरून सातवर आपण कोणत्या पायरीनं उतरलो? “दिवसा झोप येते का?” या पायरीनं. श्वास अडकणाऱ्या काहींना दिवसा खरोखर त्रास नसतो, हे मान्य. पण ती पायरी किती उंच आहे ते प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. मुंबईच्या अभ्यासाला मी दोष देत नाही. “शहरी” आणि “पुरुष” हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. दोष आपला, की आपण तो आकडा उचलून जिनिंगच्या हमालाला आणि निंदणाऱ्या बाईला लावतो. बायका तर त्या अभ्यासात नव्हत्याच.

यावर काम झालं आहे. पेरूमध्ये गाडी न चालवणाऱ्यांसाठी एपवर्थची वेगळी आवृत्ती केली गेली. दिल्लीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये बदललेल्या हिंदी आवृत्तीची तपासणी प्रसिद्ध केली. म्हणजे दुरुस्ती अशक्य नाही. पण नुसतं भाषांतर म्हणजे दुरुस्ती नव्हे. “मीटिंग”ला “सभा” लिहून काका सभेला जाणार नाहीत. प्रसंगच बदलावे लागतील: एसटीत खिडकीशी बसल्यावर, कीर्तनात, रेशनच्या रांगेत, बाजार समितीत गाडीचा नंबर येईपर्यंत. आणि मग ते नव्यानं तपासावे लागतील. मी आत्ता सुचवले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत.

तोपर्यंत मी काय करते? फॉर्म भरतेच, कारण नियम आहे. पण शून्य लिहिण्याआधी विचारते: झोप येत नाही, की असं बसणंच होत नाही? दुसरं असेल तर बाजूला तसं लिहिते. शेवटचं कधी झोपेमुळे गाडी बाजूला लावली ते विचारते. आणि सोबत आलेल्या माणसाला विचारते, कारण झोपलेला माणूस स्वतःचा साक्षीदार नसतो. काकूनं सगळं बरोबर सांगितलं होतं. त्या पानावर तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि मीही तो आखला नाही.

तुमच्या घरी कोणी घोरत असेल, मधेच श्वास थांबत असेल, आणि फॉर्मवर कमी गुण आले असतील, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांना रात्री काय दिसतं ते सांगा, आणि तपासणी लागेल का हे थेट विचारा. काका आता रात्री मशीन लावून झोपतात. शेजारच्या गच्चीवरून आवाज येत नाही.