कथेतील ‘मी’ आणि रंगमंच

कथेचे नाट्यरूपांतर झाले की त्यात मूळ कथानक किती राखले व किती गाळले, याचाच हिशेब सहसा मांडला जातो. आमच्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. कथा सांगणारा कोण होता, आणि रंगमंचावर त्याचे काय झाले?

अंतोन चेखव यांनी १८८३ साली ‘रझमझ्न्या’ ही अगदी छोटी कथा लिहिली. नावाचा अर्थ मिळमिळीत, कणा नसलेले माणूस. एक घरधनी मुलांच्या शिक्षिकेला, यूलिया वासिल्येव्ना हिला, पगाराच्या हिशेबासाठी बोलावतो. ठरलेले ४० रूबल तो ३० म्हणतो. दोन महिन्यांवरचे पाच दिवस सोडून देतो. मग रविवार, सण, मुलाचे आजारपण, तिची दाढदुखी, फुटलेला कप, फाटलेला कोट असे एकेक वजा करीत ६० चे ११ करतो. तिचे डोळे भरून येतात, तरी ती आभार मानते. इतर ठिकाणी तर तेवढेही मिळाले नव्हते! तेव्हा तो आधीच तयार ठेवलेले ८० रूबलांचे पाकीट तिच्या हाती देतो. हा म्हणे केवळ धडा होता. ती गेल्यावर, जगात बलवान होणे किती सोपे, असा विचार त्याच्या मनात येतो.

ही हकीकत घरधनी स्वतःच ‘मी’ म्हणून सांगतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वाचक त्याच्याबरोबर वजाबाकी करीत जातो आणि अखेरीस त्याच्याबरोबरच पकडला जातो. छळ आणि औदार्य दोन्ही एकाच सत्तेचे खेळ होते, हे त्याला उमगते.

नील सायमन यांनी १९७३ साली ‘द गुड डॉक्टर’ या नाटकात चेखवांच्या कथा गुंफल्या. तेथील ‘द गव्हर्नेस’ या प्रवेशात घरधन्याच्या जागी मालकीण आहे आणि निवेदन करणारा ‘लेखक’ निराळा आहे. प्रत्येक वजावटीगणिक विनोद चढत जातो, संवाद रंगतो. परंतु ‘मी’ नाहीसा होतो. प्रेक्षक दोन परक्या स्त्रियांकडे पाहतो, दुबळीची बाजू घेतो आणि स्वतः निर्दोष राहतो. शेवटी ज्यांना क्रौर्य सोसवत नाही त्यांच्यासाठी, शिक्षिकेला मोठा वारसा मिळाल्याचा गमतीचा पर्यायी शेवट ‘लेखक’ पुढे करतो. त्यातील उपरोध आम्हास मान्य आहे; तथापि त्या हशात कथेची नांगी मोडते.

हा दोष रंगमंचाचाच म्हणावा काय? तसे नाही. १९७५ साली देवेंद्र राज अंकुर यांनी निर्मल वर्मा यांच्या तीन हिंदी कथा ‘तीन एकांत’ या नावाने रंगमंचावर आणल्या. त्यांनी कथेचे नाटक केले नाही. कथेचेच शब्द नटांच्या मुखी दिले. त्यामुळे ‘मी’ शाबूत राहिला. चेखवांच्या घरधन्यालाही एक खुर्ची, एक वही आणि एक नट एवढे पुरेसे झाले असते.

नाथानाची कथा ऐकताना दावीदही आधी प्रेक्षकच होता. परक्या श्रीमंतावर तो संतापला. कथेचे बोट त्याच्याकडे वळले तेव्हाच ती पुरी झाली. रूपांतरकाराने दुसरे काहीही गाळावे, हे बोट गाळू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या हाती महिनाअखेरीस स्वयंपाक्याच्या, शिक्षिकेच्या, धर्मशिक्षकाच्या वेतनाची वही असते. आपल्या मुलांकडून ही कथा बसवून घेण्यापूर्वी आपण ती एकदा एकांतात, ‘मी’ म्हणून, मोठ्याने वाचावी.