उतारशाळेचा रखवालदार

भुसावळ हे जंक्शन आहे. येथे गाडीतून उतरणारा माणूस बहुधा पुढे जाण्यासाठीच उतरतो. अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेले परदेशी प्रवासीही जळगावला नाही तर येथे उतरतात आणि पाठीवरचे बोचके सावरीत मोटार शोधू लागतात. त्यांच्याकडे कौतुकाने पाहण्यापलीकडे आमचा त्यांच्याशी कधी संबंध आला नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात आला. आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी एक पत्र आमच्या हाती ठेवले. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेला त्यांचा मुलगा आता परदेशी स्थायिक आहे. नातू अठरा वर्षांचा. त्याने तीन आठवडे आदिवासी मुलांच्या वसतिगृहात सेवा करावी, सकाळी इंग्रजी शिकवावे, खेळ घ्यावेत आणि सुटीच्या दिवशी अजिंठा, वेरूळ, असीरगड पाहावा, असा बेत होता. सोबत अशा सहली आखणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रक होते. एका पानावर हसणारी मुले, समोरच्या पानावर लेणी. दोन्ही छायाचित्रे एकाच मापाची.

‘‘फादर, काय कळवू?’’ आजींनी विचारले.

उत्तर सुचेना, म्हणून आम्ही सेमिनरीत असताना वाचलेले एक पुस्तक पुन्हा काढले. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे ते पुस्तक, 1889 सालचे. रमाबाईंचे नाव आपल्या घरांतून आदराने घेतले जाते, पण हे पुस्तक क्वचितच वाचले जाते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई 1886 च्या आरंभी इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. त्या काळी गोरा प्रवासी आपल्याकडे येई, आपली मुले, आपल्या विधवा, आपले दारिद्र्य पाहून जाई आणि घरी जाऊन पुस्तक लिही. रमाबाईंनी ही दृष्टी उलटी फिरविली. एका मराठी विधवेने त्यांचा देश पाहिला आणि मराठी वाचकासाठी त्याचा हिशेब मांडला.

हे प्रवासवर्णन आहे म्हणून जो निसर्गसौंदर्याची अपेक्षा धरील त्याची बरीच निराशा होईल. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय घेऊन त्या लिहितात. आकड्यांचा भार पुष्कळ आहे आणि काही ठिकाणी कौतुकाचा सूर जरा चढतो, हेही कबूल केले पाहिजे. परंतु ज्या देशाची त्या एवढी स्तुती करतात, तेथील कृष्णवर्णीयांवर आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्या झाकून ठेवीत नाहीत. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की, परक्या देशातील मुलांच्या शाळेत त्या शिकविणारी म्हणून नव्हे, तर शिकणारी म्हणून गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला. शिकलेले तेथेच उधळून आल्या नाहीत. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला जे उभे राहिले, तेथे 1922 साली मरेपर्यंत त्या राहिल्या. त्यांच्या प्रवासाचे मोल आम्ही या उरलेल्या तेहतीस वर्षांवरून करतो.

याच्या नेमके उलट घडले ते ‘सिटी ऑफ जॉय’ या कादंबरीच्या चित्रपटात. दॉमिनिक लापिएर यांच्या 1985 सालच्या त्या पुस्तकात कलकत्त्याजवळच्या वस्तीत कायमचा राहावयास आलेला एक कॅथोलिक धर्मगुरू आहे आणि काही काळासाठी आलेला एक अमेरिकन डॉक्टरही आहे. 1992 साली चित्रपट निघाला तेव्हा डॉक्टर नायक झाला आणि धर्मगुरू गळून गेला. आम्ही धर्मगुरू आहोत म्हणून हे मनाला लागले, असे कोणी म्हणेल. असेलही. पण पडद्याला जो माणूस सोयीचा वाटला तोच माहितीपत्रकालाही सोयीचा वाटतो, हे विसरता येत नाही. जो येतो, हेलावतो आणि बदलून जातो त्याचीच गोष्ट होते. जो राहतो, तो रोज तेच करतो. त्याची गोष्ट कशी व्हावी?

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात आम्ही जे पाहिले ते येथे सांगितले पाहिजे. दोन परदेशी मुली पंधरवडाभर राहून गेल्या. मनाने अतिशय चांगल्या. त्यांनी हातवारे करून म्हणावयाचे एक इंग्रजी गाणे मुलांना शिकविले. महिन्याभराने दुसरे पाहुणे आले आणि त्यांनीही नेमके तेच गाणे पहिल्यापासून शिकवावयास घेतले. मुलांना ते पाठ होते. तरीही ती मुद्दाम चुकत होती, पाहुण्यांनी दुरुस्त केले की आनंद दाखवीत होती. पाहुण्यांचे मन राखण्याची सेवा ती आठ-नऊ वर्षांची पावरा मुले करीत होती. पाहुण्यांनी निघताना त्यांना ‘अनाथ’ म्हटले. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि होळीला त्यांना घरी न्यावयास येणार होते.

ही गफलत सर्वत्र अशी निरुपद्रवी नसते. कंबोडियात आणि नेपाळात अनाथालये म्हणून चालविलेल्या घरांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून गरिबांची मुले घरांतून उचलून आणली जात होती. 2017 साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने याला आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत स्थान दिले. मुलाला पाहण्याची वस्तू केली की वस्तूचा पुरवठा करणारेही निघतात.

मग वाटसरूने काहीच करू नये काय? प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी हाही वाटसरूच होता. एक रात्र थांबला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. इतकी वर्षे आम्ही त्याच्यावर प्रवचने केली. उतारशाळेच्या रखवालदारावर एकही केले नाही. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याच्या हाती सोपविले, दोन दिनार दिले, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन म्हणाला. त्या रात्रीनंतर ताप कोणी पाहिला, पट्ट्या कोणी बदलल्या, हे लूकने लिहिलेले नाही. वसतिगृहाच्या सिस्टर पहाटे पाचला उठून सत्तर मुलांच्या भाकरीचे पीठ मोजतात, तेव्हा आम्हांला तो रखवालदार आठवतो.

आजींना आम्ही सांगितले, नातवाला अवश्य बोलवा. पण मुलांना शिकवावयास नको. सिस्टरांच्या हाताखाली त्याने ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालावेत, विजेची कामे येत असतील तर ती करावीत, पावरी भाषेचे चार शब्द मुलांकडून शिकावेत. चुकण्याची पाळी त्याची असू द्यावी. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. अजिंठ्याचे म्हणाल तर त्या वसतिगृहातील एकाही मुलाने लेणी पाहिलेली नाहीत. सातपुड्याच्या पायथ्यापासून ती किती दूर? संस्थेला द्यावयाच्या शुल्कातून एक एस. टी. गाडी ठरवावी, मुलांना त्यांच्या गुरुजींनी न्यावे आणि नातवाने मागच्या बाकावर बसावे.

आजींनी पत्र आमच्यासमोरच लिहिले. आम्ही सांगितलेले सगळे त्यात आले, थोडे मऊ होऊन. शेवटची ओळ मात्र त्यांची स्वतःची होती: पहिला आठवडा त्याने माझ्याकडे राहावे आणि घरात मराठीच बोलावी.