स्लॅब सेरिफ आणि शिरोरेषा : 'कर्मा' या अक्षरवळणाचे परीक्षण

प्रस्तावना :
साहित्यकृतीची समीक्षा करताना आशय, शैली व भाषा यांचा विचार होतो. परंतु मजकूर ज्या अक्षरवळणातून वाचकापर्यंत पोहोचतो, त्याचा विचार मराठीत क्वचितच आढळतो. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) हा त्रिखंडात्मक ग्रंथ याला ठळक अपवाद होय. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावातील विद्यार्थीही आज दीर्घ मजकूर मोबाइलच्या पडद्यावर वाचतो. म्हणून पडद्यासाठी घडविलेल्या 'कर्मा' या अक्षरवळणाचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
जोआना कोरिया यांनी आरेखित केलेले हे अक्षरवळण इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्या त्यात असून ते विनामूल्य उपलब्ध आहे. हलक्यापासून ठळकपर्यंत त्याच्या पाच जाडी आहेत. रोमन भाग स्लॅब सेरिफ प्रकारचा आहे. म्हणजे उभ्या रेघांच्या टोकांना पट्टीसारखे चौकोनी पाय आहेत. हे पाय सुट्या अक्षरांना ओळीत बांधून ठेवतात. त्यामुळे रेघ बारीक असली तरी ओळ विस्कटत नाही.

देवनागरीत हे कार्य शिरोरेषा करते. आपली अक्षरे पायावर उभी नसतात, तर शिरोरेषेला लटकलेली असतात. काना खाली मोकळा सुटतो. त्याला पाय जोडल्यास उकार व ऋकार यांची जागा अडते. म्हणून स्लॅबचा गुण देवनागरीत पायांतून नव्हे, तर रेघेच्या एकसारख्या जाडीतून आणावा लागतो. 'कर्मा'ने हाच मार्ग स्वीकारला आहे. लहान आकारातही रेघ तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

मात्र याची किंमतही आहे. बोरूच्या तिरप्या कापातून आलेला जाड-बारीक भेद जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (मुंबई, १८६९) शिशाच्या खिळ्यांत जपला आणि मराठी वाचकाची नजर त्यावर घडली. हा भेद नाहीसा झाला की पानाची लय सपाट होते. शिवाय 'घन' व 'धन', 'मान' व 'भान' यांतील फरक अक्षराच्या गाठीवर आणि शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असतो. हलक्या जाडीत शिरोरेषाच क्षीण झाल्याने तो खंड चटकन जाणवत नाही. डॅन रेनॉल्ड्स यांच्या 'मार्टेल'मधील देवनागरी दीर्घ मजकुरासाठीच रचलेली असून तिने लेखणीचा जाड-बारीकपणा राखला आहे; ही तुलना उद्बोधक ठरते.

निष्कर्ष :
'कर्मा'ची मध्यम जाडी पडद्यावरील वाचनास अनुकूल आहे; हलकी जाडी मोठ्या आकारातच वापरावी. ग्रंथासाठी 'मार्टेल'चा मार्ग अधिक जवळचा वाटतो. तथापि कोणतेही वळण निवडताना महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातील देठयुक्त 'श' व पाकळीयुक्त 'ल' त्यात मिळतात काय, हे प्रथम तपासले पाहिजे. अक्षर सुंदर असूनही ते आपल्या कित्त्यातले नसेल, तर दीर्घ वाचनात वाचक अडखळतो आणि पुस्तक मिटवून ठेवतो.